निळ्या पुठ्ठ्यांतली वही

कडू जिनगर तापीतीर वाचनालयाचा सभासद झाला, तेव्हा बऱ्हाणपुरात शनवाऱ्यापासून राजघाटापर्यंत लोक पोट धरधरून हसले. हसणार नाहीत तर काय करतील? ज्या माणसाने तीस वर्षं पुस्तकं शिवली, चिकटवली, दाबाखाली ठेवली, पण एकही उघडून वाचलं नाही, त्याला वयाच्या बावन्नाव्या वर्षी वाचायची हौस यावी? बरं, वाचता तरी धड येतं का? तर तेही नाही. अक्षराला अक्षर लावत, ओठ हलवत, बोट फिरवत एक ओळ संपेपर्यंत समोरच्याचा चहा पिऊन व्हायचा.

नाव कडू, पण जिभेला साखर. आईची आधीची दोन मुलं गेली, म्हणून तिसऱ्याला असलं नाव ठेवलं, की मरणालासुद्धा त्याची वासना होऊ नये. आजा घोड्यांची खोगिरं करायचा. बऱ्हाणपुरातले घोडे गेले, पलटणी गेल्या, आणि खोगिरं शिवणारे हात पुस्तकांकडे वळले. टोचायची तीच आरी, कापायची तीच रापी, तोच मेण लावलेला दोरा. वाचनालयाच्या ओसरीवर डाव्या अंगाला कडूची बैठक होती. समोर दाबाचा दगड, बाजूला खळीचं भांडं, आणि आतल्या खोलीत टेबलाशी वामन मास्तर. मास्तर शाळेतून पेन्शनीत निघाले आणि वाचनालयाचे ग्रंथपाल झाले. त्यांचा कडूवर जीव होता. "कडूनं बांधलेलं पुस्तक माझ्या नातवाला पुरेल," असं ते येईल त्याला सांगायचे.

आता ज्यापायी हा माणूस सभासद झाला, ती गोष्ट सांगतो. सन तीस सालच्या माघातली.

कचेरीतले एक जुने कारकून वारले. त्यांचा मुलगा अरविंद. त्याला घर रिकामं करायची घाई. वडिलांची पुस्तकं, कागदपत्रं, सगळं बैलगाडीत घालून त्याने वाचनालयात आणून टाकलं. वाचनालयाची रीत अशी, की आलेल्या ढिगातून मास्तर पुस्तकं निवडायचे, त्यांना नंबर द्यायचे. फाटकं-तुटकं उरेल ते कडूच्या वाट्याला. कारण पुठ्ठा काही बाजारातून आणायचा नसे. रद्दी कागदांवर खळ फासायची, एकावर एक थर चढवायचे, दगडाखाली दाबायचे, की झाला पुठ्ठा. मात्र एक नियम मास्तरांनी घालून दिला होता, आणि तो एकच होता: हाताने लिहिलेला कागद दिसला, मग तो धोब्याचा हिशेब का असेना, की आधी तो मास्तरांच्या टेबलावर ठेवायचा. त्यांनी पाहिल्याशिवाय त्याला खळ लागता कामा नये.

त्या दिवशी मास्तर लग्नाला खंडव्याला गेलेले. नऊ पुस्तकं बांधायला तयार. त्यांच्यासाठी निळं कापड कापून ठेवलेलं. खळ शिजलेली, आणि खळ संध्याकाळपर्यंत आंबते. कागद कमी पडला. कडूने ढिगात हात घातला, तर एक वही आली. जाड, हातकागदाची, लाल दोऱ्याने शिवलेली. त्याने उघडली. पहिल्याच पानावर लिंबाच्या लोणच्याचं माप, आणि कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं.

कडूला नियम ठाऊक नव्हता असं नाही. तो क्षणभर थांबलाही. मग म्हणाला, "बाईमाणसाची वही. लोणचं तर लोणचं. हिला कोण विचारून राह्यलं?" दोरा कापला. छत्तीस पानं निघाली. पुस्तकांच्या मापाला मोठी होती, म्हणून रापी लावून उजव्या कडेने दोन-दोन बोटं छाटली. एका पुठ्ठ्यात दोन पानं, एका पुस्तकाला दोन पुठ्ठे. नऊ पुस्तकं झाली. छाटलेल्या पट्ट्या चुलीत गेल्या, खळ गरम करायला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "लिहिलेलं काही निघालं का रे?" कडू म्हणाला, "काहीच नाही मास्तर, सगळी रद्दी."

दोन-अडीच महिन्यांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखाजीला आपल्याकडे लेकी माहेरी येतात. अरविंदची सावत्र बहीण कोकिळा शाहपूरहून आली, आणि भावाच्या घरी पाणीही न पिता वाचनालयाच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. चाळिशीची बाई, डोळ्याला चष्मा. दाराबाहेरूनच तिने मास्तरांना विचारलं, "वडिलांच्या पेटीत माझ्या आईची वही होती. ती इथं आली का?"

मास्तर उठून बाहेर आले. "कसली वही, ताई?"

"आईनं लिहिलेली. वर लोणची-पापड असतील, पण आत सगळं तिचं आहे. मी नऊ वर्षांची असताना तिनं मला असीरला मावशीकडं पाठवून दिलं, परत काही बोलावलं नाही. सहा महिन्यांत ती गेली. का पाठवलं, ते मला कुणी सांगितलं नाही. वडील मागच्या खेपेला म्हणाले, आईच्या वहीत लिहिलेलं आहे, पुढच्या वेळी आलीस की ने. पुढच्या वेळेला तेच नव्हते."

मास्तरांनी नोंदवही आणली, ओळ न् ओळ पाहिली. कडूला हाक मारली. "कडू, लाल दोऱ्याची वही. तुझ्या हाताखालून गेली का?"

कडूच्या हातातली आरी तशीच राहिली. ती नऊ निळी पुस्तकं समोरच्या कपाटात रांगेनं उभी होती. काचेतून दिसत होती. एवढंच म्हणायचं होतं, की मास्तर, चूक झाली, मी ती लावली. भिजवून काढून देतो, एका दिवसाचं काम आहे. पण मास्तरांचा तो 'नातवाला पुरेल' असा चेहरा समोर. ओसरीवरची बैठक जाईल, तीस वर्षांचं नाव जाईल. तो म्हणाला, "नाही मास्तर. मी नाही पाह्यली."

बाई गेली. त्या दिवशी कडूला भाकर गोड लागली नाही. लागू नयेच. कुणाच्या मेलेल्या आईचं बोलणं आपण पुठ्ठ्यात कोंबून बसलोय आणि तोंड वर करून 'नाही' म्हणतोय, हे ज्याला गोड लागेल तो माणूस नव्हे.

वर्षभर तो मूग गिळून बसला. दुसरी आखाजी आली. कोकिळा परत आली. या खेपेला तिने चष्मा बदललेला, काच जाड झालेली, आणि पायरी चढताना हाताने भिंत चाचपली. मास्तर आत कुणाशी बोलत होते. ती कडूपाशीच बसली.

"कडूदादा, तुम्ही दिवसभर इथं असता. तुमच्या नजरेला पडली तर ठेवून द्या हं माझ्यासाठी. खंडव्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितलाय. म्हणतात, वर्ष, फार तर दीड वर्ष दिसेल. मला दुसरं काही वाचायचं नाही. तेवढी एक वही वाचून झाली की गेले डोळे तर जाऊ देत."

"ठेवीन, ताई," कडू म्हणाला.

"तुमच्यासारखं माणूस बसलंय म्हणून धीर वाटतो," असं म्हणून ती उठली. शिवी दिली असती तर परवडली असती.

त्याच आठवड्यात कडूने सभासदत्वाचा अर्ज केला. कारण उघड आहे. ओसरीवर बसून, मास्तरांच्या डोळ्यांदेखत, धडधाकट पुस्तकाचा पुठ्ठा उकलता येत नाही, आणि पुस्तक घरी न्यायचं तर सभासद व्हावं लागतं. दोन सभासदांच्या सह्या लागायच्या. पहिली सही मास्तरांनी केली. डोळ्यांत पाणी आणून केली. "तीस वर्षांनी का होईना, कडू, पुस्तकाच्या आत शिरतोयस." कडू खाली मान घालून उभा. मग कमिटीची सभा श्रावणात, तोवर थांबा. सभेत मोतीलाल वकील म्हणाले, "आता शेळीही सभासद करा, तीही कागद खाते." सगळे हसले. नाव मंजूर झालं, नंबर एकशे सत्तेचाळीस.

नियम: एका वेळी एक पुस्तक, आठ दिवस. कडूने पहिलं नेलं ते कापसावरच्या किडींचं. दुसरं इंग्रज कायद्याचं भाषांतर. तिसरं प्रसूतिशास्त्र. मास्तर चक्रावले. "अरे, तुझा विषय तरी कोणता?" कडू म्हणायचा, "निळं बरं दिसतं मास्तर." लोकांना वर्षभर पुरेल एवढी चेष्टा मिळाली.

घरी परसात पाटाच्या बाजूला परात ठेवून तो पुठ्ठा कोमट पाण्यात घालायचा. खळ सुटायची, थर मोकळे व्हायचे. मग बोटांनी, नखसुद्धा न लावता, एकेक पान सोडवायचं. शाई हिराकसाची, ती पाण्याला बधली नाही. पान दोरीवर वाळवायचं, पुस्तकाला नवा पुठ्ठा करायचा, आणि आठव्या दिवशी परत. बायको सोजरबाई विचारायची, "काय उकरून राह्यले हो? लोकांची पुस्तकं चांगली बांधलेली सोडता अन् पुन्हा बांधता?" तो पुढचा पुठ्ठा परातीत सोडायचा. दोरीवर त्या परक्या बाईची पानं वाळताना पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. प्रत्येक पानाची उजवी कड सरळ छाटलेली, आणि प्रत्येक ओळ शेवटाला तुटलेली. छाटताना एवढी सरळ कड निघाली म्हणून तेव्हा तो स्वतःवर खूश झाला होता.

आठ पुस्तकं दिवाळीच्या पुढे मागे झाली. नववं मोतीलाल वकिलांकडे होतं. वकिलांना कोण विचारणार? कडू त्यांच्या दारात पाच वेळा गेला. "अरे, तुला काय करायचंय वेदान्त?" म्हणून ते हसायचे. शिमग्याला पुस्तक परत आलं.

आता मी एक विचारतो, आणि हे मी कडूच्या तोंडावरही विचारलं असतं. मास्तरांपुढे जाऊन एक वाक्य बोलला असता, तर नऊच्या नऊ पुस्तकं त्याच दिवशी टेबलावर आली असती. मास्तर रागावले असते, चार लोक बोलले असते, बस. ते एक वाक्य वाचवायला या माणसाने दहा महिने घालवले. आणि ते दहा महिने त्याचे स्वतःचे नव्हते. त्या बाईच्या डोळ्यांतले होते. हे कडूलाही कळत होतं. कळत होतं म्हणून तो रोज ठरवायचा की आज सांगू, आणि रोज संध्याकाळी बैठक आवरून घरी जायचा.

पानं पुरी झाल्यावरही तो लगेच गेला नाही. म्हणे आखाजीला येईलच ती, तेव्हा हातात देऊ. लाल दोरा आणून वही पहिल्यासारखी शिवली. आखाजी आली. कोकिळा आली नाही. कडूने अरविंदच्या घरी जाऊन विचारलं, तर तो म्हणाला, "ताईला आता दिसत नाही. संक्रांतीपासून पार गेलं. कुठं आणायचं तिला?"

संक्रांतीपासून. म्हणजे त्या वेळी आठ पुस्तकांची पानं कडूच्या ट्रंकेत घडी घालून पडलेली होती. तेवढी जरी नेऊन दिली असती! कडू रस्त्यातच एका ओट्यावर बसला.

पुढच्याच इतवारी सकाळच्या मोटारीने तो शाहपूरला निघाला. वही धोतराच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर. ती त्याने घरी बोट फिरवत पुरी वाचली होती. शेवटचं पान तर वीस वेळा. त्या पानावर बाईने लिहिलं होतं:

"कोकिळाला असीरला धाडले. तिला वाटेल आईला ती
पण खरे कारण एवढेच की माझ्या
म्हणून. मोठी झाली की वाचील."

दुसऱ्या ओळीचा शेवट रापीने गेलेला. दोन शब्द, फार तर तीन. जे विचारत ती बाई दोन वर्षं पायऱ्या चढली, नेमकं तेवढंच छाटलेलं. कडूने मोटारीत बसल्या बसल्या ते शब्द जुळवले. 'माझ्या दुखण्याची बाधा नको.' बरोबर बसत होतं. ती आंधळी आहे, तिला कोण दाखवणार? आईची माया कानावर पडेल, तिचा जीव निवेल, आणि आपलीही सुटका होईल. शाहपूर येईपर्यंत त्याने ते वाक्य तोंडपाठ केलं.

कोकिळा ओसरीवर सरकी निवडत बसली होती, नुसत्या बोटांनी. कडूने नाव सांगितलं. वही हातात ठेवली. तिने लाल दोरा चाचपला, कागदावर हात फिरवला, वही नाकाशी नेली. हळद कधीच धुऊन गेली होती, खळीचा वास तेवढा येत असणार.

"कुठं सापडली, कडूदादा?"

"कपाटाच्या मागं," कडू म्हणाला. "उंदरांनी कडा कुरतडल्यात जरा."

ती रडली. मग तिने सुनेला हाक मारून त्याला दूध आणायला लावलं, त्याच्या पायाला हात लावायला वाकली. कडू मागे सरकला. "वाचून दाखवा," ती म्हणाली. "घरात बाकीच्यांना वाचता येत नाही, आणि मालक शेतावर. तुम्हीच वाचा. तुम्हीच शोधलीत, तुमचाच मान."

कडू वाचू लागला. अक्षराला अक्षर लावून. लोणचं झालं, पापड झाले, मग घरातलं निघालं. "आज कोकिळाने पहिला..." ओळ तुटली. "दात," कोकिळा हसून म्हणाली. "तापीला पूर आला, सासूबाई म्हणाल्या पोरीला..." ओळ तुटली. "बाहेर सोडू नको," कोकिळा म्हणाली. आईचं बोलणं तिच्या कानात होतं. कडू थांबला की ती पुरं करायची, आणि दर खेपेला खुलायची. दुपार टळली. दूध तसंच राहिलं. शेवटचं पान आलं.

"कोकिळाला असीरला धाडले," कडू वाचायला लागला. ती एकदम ताठ बसली. "तिला वाटेल आईला ती..."

"नकोशी झाली," ती हळूच म्हणाली. "वाटलंच होतं मला. तीस-बत्तीस वर्षं वाटत आलंय. पुढं?"

"पण खरे कारण एवढेच की माझ्या..."

कडू थांबला. कोकिळा या वेळी काही बोलली नाही. तिच्याकडे शब्द नव्हता. नसणारच. तो मिळवायला तर ती वहीमागे लागली होती. तिने तोंड त्याच्या आवाजाकडे वळवलं आणि वाट पाहू लागली. तोंडपाठ केलेलं वाक्य कडूच्या जिभेवर होतं. एका मेलेल्या बाईचं बोलणं त्याने एकदा छाटलं होतं. आता त्या जागी स्वतःचं डकवायचं होतं. त्याचं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"मी कापलं, ताई."

"काय?"

"उंदीर नाही. मी. खळ आंबत होती म्हणून तुमच्या आईची वही पुठ्ठ्याला लावली. मोठी होती म्हणून कापली. तुम्ही पह्यल्या आखाजीला आल्या तवा मले माहीत होतं. तवा तुम्हाला दिसत होतं. पुढं काय लिहिलं होतं ते मले माहीत नाही. पट्ट्या मी चुलीत घातल्या."

कोकिळाने सरकी बाजूला सारली. सून दारात येऊन परत गेली. कडूला वाटलं, आता कोकिळा हाकलील. हाकलावं असंच त्याला वाटत होतं.

"पहिल्या पानापासून वाच," ती म्हणाली.

दोन वर्षांत तिने त्याला 'तू' म्हटलं नव्हतं.

"आणि जिथं थांबशील तिथं मी काही बोलणार नाही. तिथं तू म्हणायचं, मी कापलं. प्रत्येक ओळीला. चल."

कडूने पान उलटलं. लिंबं, मीठ, हळद, मेथी. "मी कापलं." आज कोकिळाने पहिला. "मी कापलं." छत्तीस पानं, एकाच अंगाने लिहिलेली. दर ओळीला ती म्हणायची, "पुढं." शेवटच्या पानावर, पण खरे कारण एवढेच की माझ्या, तिथे त्याला ते दोन शब्द बोलायला जड गेले. तो बोलला. ती म्हणाली, "पुढं."

परतीची मोटार निघून गेली होती. तो चालत निघाला, तेव्हा तिने मागून हाक मारली. "पुढच्या इतवारी ये."

दुसऱ्या दिवशी त्याने मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर रागावले, दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी बांधायला पुस्तक पुढे सरकवलं. बस, एवढंच झालं. एवढ्याचीच भीती होती त्याला.

तो अकरा वर्षं, पाऊस असो की ऊन, शाहपूरला जात राहिला. वही वाचायचा, मग वाचनालयातून आपल्या नावावर काढलेलं एखादं पुस्तक वाचायचा. वाचून वाचून त्याची जीभ चांगली वळली. कोकिळा त्याला जेवू घालायची, पावसाळ्यात छत्री द्यायची, सोजरबाई आजारी पडली तेव्हा तिने सुनेला बऱ्हाणपूरला धाडलं. 'कडूदादा' मात्र ती त्याला पुन्हा कधी म्हणाली नाही.